तीस खेळ, एकच झटका

वेंगुर्ला,
गणपती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय दिग्या,

तुझा मेसेज ऐन आरतीत आला. 'तीस खेळांचा तो व्हिडिओ गेम सेलमध्ये लागलाय, लेकीच्या वाढदिवसाला घेऊ का?' मी नुसतं 'थांब' लिहून फोन खिशात टाकला. आज घर रिकामं आहे, चाकरमानी कालच्या गाडीने गेले, गणपतीवर बांधलेल्या माटवीला दोन सुकलेली कवंडळं, ती रानफळं, तेवढी उरलीयत. तर आता नीट सांगतो.

तो गेम मीच आणला होता. 1,200 रुपये मोजले. भाचा मुंबईहून त्याचा स्विच, म्हणजे निन्टेन्डोचा गेम कन्सोल, घेऊन येणार होता, घरात पाच पोरं, आणि पाऊस असा की पडवीतून अंगणात पाय टाकता येईना. म्हटलं, तीस खेळ म्हणजे पाच दिवस निघतील. पहिली दुपारसुद्धा नीट निघाली नाही.

आधी त्या तिसांचा हिशेब. शंभर मीटर, दोनशे मीटर, चारशे मीटर असे धावण्याचे तीन. पोहण्याचे चार, त्यात हात कसेही मारले तरी पोहणारा आपला त्याच चालीने पुढे. भालाफेक, थाळीफेक, गोळाफेक हे तीन तर सख्खे भाऊ, नुसती हातातली वस्तू बदललेली. खरे खेळ नऊ-दहाच निघतात. मला ती आपली टीव्ही गेमची '9999 इन 1' ची कॅसेट आठवली. फुंकर मारून लावायची, यादी खाली खाली सरकवायची आणि तेच चार-पाच गेम परत परत यायचे, एखादा मधल्याच लेव्हलपासून सुरू. तेव्हाही फसलोच होतो, पण त्या चारांत कॉन्ट्रासारखा झकास गेम होता.

खेळ कमी आहेत याचं मला दुःख नाही बघ. 1983 चा ट्रॅक अँड फील्ड हा आर्केड गेम घे. सहाच खेळ, तीनच बटणं. पण भाला फेकताना पळायचा वेग बोटांनी कमवायचा आणि रेषेच्या आत कोन पकडायचा. चुकलास तर तुझा तू चुकलास. निन्टेन्डोच्याच वी कन्सोलवरचा वी स्पोर्ट्स 2006 चा, त्यात पाचच खेळ. वीच्या हातात धरायच्या रिमोटला हाताचा झटका कळायचा, मनगट नेमकं किती वळलं ते धड कळायचं नाही, त्यासाठीची जोडणी 2009 मध्ये आली. तरी टेनिसमध्ये हात लवकर फिरवला की बॉल एका बाजूला आणि उशिरा फिरवला की दुसऱ्या बाजूला. एवढ्या एका गोष्टीवर आजी-आजोबासुद्धा सोफ्यावरून उठले. 8 कोटींहून जास्त प्रती गेल्या त्याच्या. अर्थात जपान सोडून बहुतेक ठिकाणी तो कन्सोलबरोबरच मिळायचा, हेही खरं.

आता आमचं बॅडमिंटन ऐक. स्विचच्या कंट्रोलरला झटका कळतो, वळणंही कळतं, सगळी सोय आत आहे. आणि गेम विचारतो काय, तर 'हात हलला का?' बस. धाकटी भाची पहिल्या दिवशी खांद्यापासून हात फिरवून स्मॅश मारत होती. दुसऱ्या दिवशी तिला कळलं की मांडीवर कंट्रोलर आपटला तरी तसाच स्मॅश बसतो. मग ती पाटावर बसून, डाव्या हाताने मोदक खात, उजव्याने मांडी बडवत सामना जिंकली. आणि शटल! जोरात मारलेलं शटल हवेत दमतं, पुढे जाऊन टपकन खाली येतं, त्यातच तर बॅडमिंटनची मजा. इथे ते रबरी बॉलसारखं गोल कमान करून येतं. शेजारचे काका दारातून बघून म्हणाले, "काय रे, डास मारतंस काय?"

हात फिरवणं आणि रॅकेट हलणं यात अंतर होतं ते वेगळंच. मी आधी टीव्हीवर संशय घेतला. सेटिंगमध्ये जाऊन चित्र उशिरा दिसू नये म्हणून असतो तो गेम मोड चालू केला, भाच्याचा दुसरा गेम लावून बघितला, तो अगदी बरोबर. हा परत लावला की परत उशीर. रात्री भजन आटपल्यावर मंडळी उसळ-पाव खात बसली होती, तेव्हा पखवाजवाल्याने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "ह्याचो ठेको चुकता रे." मी दुपारभर सेटिंग चाचपून जे शोधलं, ते त्याने हातातली प्लेट न ठेवता सांगितलं.

बाकी किरकोळ रड. पदक देण्याचा सोहळा दर वेळी पूर्ण बघावा लागतो. गेम बंद केला की विक्रम पुसले जातात, त्यावरून दोन भाचरांत मारामारी झाली. चौघांना खेळता येतं म्हणतात, म्हणजे एकाने खेळायचं आणि तिघांनी तोंडाकडे बघायचं.

पण एक गंमत सांगतो, आणि त्यासाठीच खरं तर पत्र एवढं लांबलं. यादीच्या तळाशी कर्लिंग आहे. आपल्याकडे बर्फ फक्त मासळीच्या पेटीत, त्यामुळे दोन दिवस कुणी ते उघडलंच नाही. वीसेक किलोचा ग्रॅनाइटचा दगड बर्फावरून पुढच्या वर्तुळाकडे सोडायचा, तो हळूहळू वळत जातो, आणि पुढे दोघं ब्रशने बर्फ घासतात. घासलं की बर्फ किंचित तापतो, घर्षण कमी होतं, दगड लांब जातो, वळतोही कमी. हे सगळं त्या टुकार गेममध्ये आहे! हात हळू सोडला तर दगड अर्ध्यावर मरतो. कधी घासायचं आणि कधी थांबायचं, यावर अख्खा डाव फिरतो. दगड दगडावर आपटल्याचा आवाजसुद्धा वेळेवर येतो. एवढं एक कोणीतरी जीव ओतून केलंय. त्या माणसाला बाकीचे एकोणतीस का दिले नाहीत, कोण जाणे. वेळ नसेल, पैसे नसतील.

आई जपाची माळ घेऊन बसली होती. म्हणाली, "पोरां कॅरम खेळतत काय सारवतत?" मग माळ ठेवून स्वतः खेळली. कॅरममध्ये तिची रिबाउंडची सोंगटी तुला माहीत आहेच, एकदा राणी घेऊन तुला रडवलंय तिने. तिसऱ्या डावात भाच्याचा दगड बरोबर मधल्या वर्तुळातून उडवला आणि म्हणाली, आता घासू नका रे कोणी. पुढचे तीन दिवस त्या गेममध्ये दुसरं काही लागलं नाही.

तर तू घेऊ नकोस. भाचा कन्सोल घेऊन गेला, पण गेम माझाच, कार्ट्रिज इथे टीव्हीच्या खणात पडलंय. दिवाळीत लेकीला घेऊन ये आणि येताना तुझा स्विच आण, दोन्ही कंट्रोलर चार्ज करून, इथे लाइटचा भरवसा नाही. आईने कालपासून दोनदा विचारलंय की दगडाचा खेळ परत कधी लागणार.

तुझा,
पक्या