बाबांच्या फळ्यासाठी

आइंडहोव्हन, नेदरलँड्स

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. रोज फोन होतो तरी चाळीच्या फळ्यावर सुविचार लिहायच्या कामासाठी तुम्हाला टपालच लागतं, हे आईनं हसत हसत सांगितलंच होतं. "तिकडच्या थोरामोठ्यांची चार वचनं पाठव, इथला साठा संपत आलाय," असं लिहिलंत. साठा संपला हे मला काही पटलं नाही. खरं कारण दादानं सांगितलं. कमिटीतलं कुणीतरी सकाळीच मोबाइलवर आलेलं काहीबाही फळ्यावर उतरवतं, खाली गांधी, विवेकानंद, कलाम असं जे तोंडात येईल ते नाव ठोकून देतं, आणि दुपारी तुम्ही जिना उतरून त्यावर ओला फडका फिरवता. चाळीत यावरून दोन तट पडलेत म्हणे.

फडका फिरवता ते बरंच करता. जगात जो बदल हवा तो आधी स्वतः व्हा, हे वाक्य गांधीजींच्या लेखनात कुठंही सापडत नाही. १९१३ साली 'इंडियन ओपिनियन'मध्ये त्यांनी लिहिलं ते जरा वेगळं आहे: आपण स्वतःला बदलू शकलो तर जगाचा कलही बदलेल. त्यातला 'शकलो तर' फॉरवर्डवाल्यांनी कापून टाकला, आणि गांधीजींची सगळी धडपड तर त्या 'तर'मध्येच होती. 'उठा, जागे व्हा' विवेकानंदांनी घरोघर पोचवलं हे खरं, पण मूळ ते कठोपनिषदातलं. तिथं लगेच पुढं बजावलंय की ही वाट वस्तऱ्याच्या धारेसारखी आहे. ती धार मात्र कुणी फळ्यावर लिहीत नाही.

तेव्हा वचनं चार नको, मी एकच माणूस पाठवते. व्हिन्सेंट व्हॅन गॉग. माझ्या घरापासून सायकलनं अर्ध्या तासावर न्यूनेन नावाचं गाव आहे. तिथं त्याचे वडील पाद्री होते, त्यांचं घर अजून उभं आहे. १८८३च्या डिसेंबरात हा थकूनभागून आईवडिलांकडे आला आणि जवळजवळ दोन वर्षं राहिला. चित्रकार व्हायचं त्यानं ठरवलं तेव्हा तो २७ वर्षांचा होता, आणि ३७व्या वर्षी गेला. मधली दहा वर्षं धाकट्या भावानं, थिओनं, पैसे पाठवून त्याला जगवलं. व्हिन्सेंटची आठशेच्या वर पत्रं उरलीत, त्यातली बहुतेक थिओलाच लिहिलेली. रंग संपले, कॅनव्हास महाग झाला, पुढचे पैसे कधी पाठवतोस, हे सगळं त्याच कागदावर असतं आणि त्यातच मध्ये ती वाक्यं येतात जी आज कपांवर आणि पिशव्यांवर छापून विकतात. त्याच्यानंतर सहा महिन्यांत थिओही गेला. पुढं थिओच्या बायकोनं, योनं, ती पत्रं सांभाळली आणि १९१४ साली छापली. तिनं रद्दीत घातली असती तर कुणी काय करणार होतं?

आता ते वाक्य. तारीख २८ ऑक्टोबर १८८३. न्यूनेनला यायच्या आधी तो उत्तरेकडं ड्रेन्टच्या माळरानावर एकटा राहत होता, तिथून लिहिलेलं:

"तुझ्या आतलंच काही तुला म्हणालं की तू चित्रकार नाहीस, तर नेमकं तेव्हाच चित्र काढ, बाबा रे, तो आवाजही गप्प होईल, पण त्यामुळेच होईल."

सगळीकडं हे असं छापतात की जणू व्हिन्सेंट स्वतःचीच समजूत घालतोय. पण हे थिओसाठी आहे! थिओ पॅरिसमध्ये चित्रं विकणाऱ्या पेढीत नोकरीला होता, आणि व्हिन्सेंट पत्रामागून पत्रं लिहून त्याला सांगत होता की सोड ती नोकरी, तूही चित्रकार हो. थिओनं नोकरी सोडली नाही. सोडली असती तर रंगांचे पैसे कुणी दिले असते?

चित्रकलेसाठी जे.जे.ला प्रवेश मिळूनही तुम्ही कारकुनी धरलीत, तेव्हा घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं, हे आत्यानं मला सांगितलंय. तुम्ही कधीच बोलला नाहीत, म्हणून मीही विचारत नाही. पण हे वाक्य फळ्यावर तुमच्या अक्षरात उमटावं, असं मला फार वाटतं.

दुसरं १ मेसाठी राखून ठेवा. एप्रिल १८८५, वडील जाऊन महिनाच झालेला, आणि न्यूनेनमधल्या एका शेतकरी कुटुंबाचं तो चित्र काढत होता: दिव्याच्या उजेडात बटाटे खाणारी माणसं. त्याबद्दल थिओला लिहितो की ताटात जे हात घालताहेत त्याच हातांनी त्यांनी जमीन खणलीय, त्यांनी आपलं अन्न इमानानं कमावलंय, हे मला दाखवायचं होतं. गिरणगावात वाढलेल्या आपल्या चाळीतल्या म्हाताऱ्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

आणि आपला साठा संपलाय म्हणता, तर तुकोबांचंच घ्या. परीक्षा आल्या की 'असाध्य ते साध्य करितां सायास' दरवर्षी फळ्यावर येतं. पण ती त्या अभंगाची शेवटची ओळ. सुरुवात अशी आहे: 'साधूनियां बचनाग खाती तोळा तोळा । आणिकातें डोळां न पाहवे'. सवयीनं विष तोळ्यातोळ्यानं पचवणारी माणसं, आणि पुढं हातात भुजंग धरणारी! अभ्यास म्हणजे हे. दहावीच्या पोरांना ही ओळ वाचून दाखवा, नुसत्या उपदेशापेक्षा जास्त लक्षात राहील.

टिळकांचंही तसंच. 'स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क' सगळ्यांना पाठ आहे. पण लहानपणी तुम्ही मला हायकोर्टात नेऊन ती संगमरवरी पाटी दाखवली होतीत, ती मला जास्त आठवते. जुलै १९०८, राजद्रोहाचा खटला. ज्यूरीतल्या सातांनी दोषी ठरवलं, दोघांनी नाही. शिक्षा सुनावण्याआधी काही सांगायचंय का, असं विचारल्यावर ते म्हणाले की ज्यूरीनं काही ठरवलं तरी मी निर्दोष आहे. मी मोकळा राहण्यापेक्षा माझ्या यातनांनीच माझ्या कार्याला बळ यावं, अशी कदाचित ईश्वराची इच्छा असेल. रात्रीचे दहा वाजत आलेले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा बावन्नावा वाढदिवस. सहा वर्षांची शिक्षा झाली म्हणून मुंबईतल्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, वर्षाला एक दिवस. आता सांगा, पाटीवरचं वाक्य एकटं वाचायचं की या सगळ्यासकट?

म्हणून माझी सूचना अशी. रोज नवं वचन नको. एक आठवडाभर ठेवा, आणि खाली बारीक अक्षरात लिहा: कोण, कधी, कुणाला म्हणालं, तेव्हा त्याच्यावर काय बेतलं होतं. जागा कमी पडेल, तर 'पाण्याची वेळ' दुसऱ्या पाटीवर हलवा. आणि कमिटीवाल्यांना म्हणावं, वचन आणा, पण खालची ओळही तुम्हीच भरायची. बघू किती जण आणतात.

फळ्याचा रंग उडालाय, असं दादा म्हणाला. कमिटीपुढं हात पसरू नका. त्याच्या खात्यात पैसे टाकलेत. फळ्याच्या रंगाला पुरून उरतील. उरलेल्यांचं काय आणायचं ते मी तुम्हाला सांगायला नको. आईला मात्र सांगू नका, ती लगेच म्हणेल, गॅसची शेगडी बदला.

गोड्या मसाल्याचा डबा संपत आलाय. इकडं येणारं कुणी असेल तर पाठवा, थोडी कोकमंही चालतील. आईच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम ती करते का, ते खरं खरं कळवा.

तुमची,
धाकटी