जुनी पालिका पाडण्याआधी

संपादक महोदय,

निजामाच्या जेकब हिऱ्यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. सहाव्या निजामाने घेतलेला हा हिरा दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीच्या खाणीतला मानतात. सातव्या निजामाने, उस्मान अलींनी, तो कागद दाबायला ठेवला, हेही लेखात आहे. किंबर्लीचं पुढे काय झालं, ते मात्र राहिलं. टिकाव-फावड्यांनी खणलेली तिथली मोठी खाण १९१४ साली बंद झाली, आता तिथे पाणी भरलेला खड्डा आहे. पण मार्केट स्क्वेअरमधला, कोरिंथियन खांबांचा, १८९९ चा सिटी हॉल उभा आहे. तो बांधून होतो न होतो तोच बोअर युद्धात शहराला चार महिने वेढा पडला होता, तोफगोळे पडत होते.

हे लिहायचं कारण, आमच्या तालुक्याच्या गावची निजामकाळातली पालिका पाडून तिथे गाळे काढायचं घाटतंय. इमारत धोकादायक आहे म्हणतात. मी तिथे जन्म-मृत्यूच्या टेबलावर नोकरी केली. पावसाळ्यात छत गळायचं, खोटं कशाला बोलू? पण १९९३ च्या भूकंपात किल्लारीकडची दगड-मातीची घरं बसली, तेव्हा आमच्या चुन्यातल्या भिंतीला एक भेग गेली, तेवढीच. मे महिन्यात लाईट गेली तरी आत बसवत होतं. नव्या इमारतीत बसून बघा म्हणावं!

नव्या इमारतीत जाताना जुनी रजिस्टरं पोत्यांत भरून गोदामात टाकली. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी नेमलेल्या शिंदे समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तीच पोती उपसावी लागली. निम्मी वाळवीने खाल्लेली, उरलेली मोडीत आणि उर्दूत. पणजोबाच्या एका ओळीसाठी लोक दारात ताटकळत होते.

लातूरची गंजगोलाई, गावातली गोल बाजारपेठ, १९१७ ची. सोळा रस्त्यांनी रोज गिऱ्हाईक येतं, म्हणून ती पाडायचं कुणी मनात आणत नाही. आमच्या पालिकेतही दाखल्यांची खिडकी आणि अभिलेख परत आणा, छत नीट करा. गिलावा चुन्याचाच हवा, सिमेंटचा नको.

ठरावाआधी एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून इमारत तपासून घ्यावी आणि अहवाल फलकावर लावावा. शेजारीच, गाळे कुणाकुणाला द्यायचे ठरलेत, ती यादीही लावावी.

— एक निवृत्त महिला लिपिक, जि. लातूर