दोन कलाकार, तीन तिकिटं आणि एक रुसलेला पियानो

नागपूरकर रसिकहो, सप्रेम नमस्कार.

जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात, एका शनिवारी संध्याकाळी, आपल्या धरमपेठेत चेलो (व्हायोलिनच्या घराण्यातलं, पण बसून वाजवायचं मोठं वाद्य) आणि पियानोची मैफल करायचं मंडळानं ठरवलं आहे. दोघे तरुण वादक मुंबईहून येत आहेत. मानधन त्यांनी नावापुरतंच घेतलं. पण विमानाची तिकिटं काढायला बसलो तेव्हा कळलं, माणसं दोन आणि तिकिटं तीन! चेलो सामानात टाकता येत नाही. त्याला खिडकीजवळची स्वतंत्र सीट लागते, पट्टा बांधून. आमच्या कोषाध्यक्षांनी तो आकडा तीनदा विचारून घेतला.

तरी तिकिटांचं निभेल. खरी अडचण पियानोची आहे.

ज्या शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे तिथे कोपऱ्यात एक जुना उभा पियानो आहे. कित्येक वर्षं त्यावर बक्षिसांच्या ढाली मांडलेल्या असत. मागच्या महिन्यात झाकण उघडलं, तर आतल्या फेल्टला कसर लागलेली, मधल्या सप्तकातल्या चार पट्ट्या दाबल्या की दबूनच राहतात, आणि एका पट्टीच्या फटीत दोन रुपयांचं नाणं. दोष कुणाला द्यायचा? मे महिन्यात पारा ४५ वर जातो, लाकूड आकसतं, कूलर लागला की तेच लाकूड ओल धरतं, मग पावसाळा. आतल्या सव्वादोनशेच्या आसपास तारा मिळून पंधरा-वीस टनांचा ताण देतात. लाकूड हललं की सूर हलला.

तंबोरा आपण बसल्या बैठकीत जुळवून घेतो, तसं इथे जमत नाही. ट्यूनरही बाहेरगावाहून बोलवावा लागतो. त्यांनी फोनवर ऐकूनच सांगितलं, अर्धा सूर उतरलाय, दोन दिवस लागतील. सगळ्या तारा एकदा चढवायच्या. शेवटच्या चढेपर्यंत आधीच्या पुन्हा उतरतात. मग दुसरा हात मारायचा.

“कीबोर्ड लावा ना,” असं बरेच जण सुचवतात. सुचवणारे आपलेच आहेत, पण ऐका. कार्यक्रमात जर्मन संगीतकार बीथोवनचा ए मेजरमधला सोनाटा, म्हणजे अनेक भागांची वाद्यरचना आहे, ओपस (रचना क्रमांक) ६९, १८०८ चा. सुरुवातीला चेलो एकटाच बोलतो आणि त्याचं वाक्य पियानो पुरं करतो. इथे पियानो साथीला नाही. रचनेच्या छापील मथळ्यात तर पियानोचंच नाव आधी आहे. चेलो लाकडाच्या पोटातून घुमणार आणि पियानो स्पीकरमधून येणार, तर दोघं एकमेकांशी बोलत आहेत असं वाटेल कसं? आणि ट्यूनिंग केलेला पियानो मैफलीनंतर शाळेतच राहणार आहे, मुलांसाठी.

एकूण खर्च ९६ हजार. सभासदांकडून ४१ हजार जमले. उरलेल्या ५५ हजारांसाठी हे आवाहन. शंभर रुपयेही चालतील. देणगीवर करसवलत देणारं ८०-जी आमच्याकडे नाही, साधी पावती मिळेल. प्रवेश सर्वांना विनामूल्य आहे, त्यामुळे तिकीटविक्रीतून काही येणार नाही.

पैशांखेरीजही बरंच हवं आहे. वादकांना दोन रात्री राहायला धरमपेठ, शंकरनगर किंवा रामदासपेठेत दोन खोल्या, जिथे दुपारी चार तास रियाझ केला तर शेजारी तक्रार करणार नाहीत. विमानतळावरून आणायला मोठी गाडी. चेलोची पेटी जवळजवळ पाचवीतल्या पोराएवढी असते. आणि हॉलशेजारच्या लॉनमध्ये त्या संध्याकाळी कुणाचं लग्न असेल, तर डीजे साडेआठनंतर सुरू करावा, एवढी हात जोडून विनंती.

पावतीपुस्तक रोज संध्याकाळी ६ ते ८ शाळेच्या कार्यालयात असेल. पियानो कोपऱ्यातून मंचावर न्यायला येत्या रविवारी सकाळी ७ वाजता आठ धडधाकट माणसं लागतील. जुन्या सतरंज्या घेऊन या. तर्री-पोहे मंडळाकडून.