चि. मुक्तास

फोंडा, ८ जुलै

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवल्यापासून तुझंच बोलणं डोक्यात घोळतंय. ब्रेमरहाफनच्या बैठकीत जर्मन सहकाऱ्याने सगळ्यांदेखत 'हा आलेख चुकलाय' म्हटलं आणि तुला झोप लागली नाही. आपल्याकडे कामाला नाव ठेवलं की माणसालाच ठेवल्यासारखं लागतं. त्याच्या मनात तसं काही नसेल.

मला काळजी वाटली ती दुसऱ्या गोष्टीची. त्यांच्या आकड्यांबद्दल तुला शंका होती, तरी तू गप्प बसलीस.

नोकरीच्या सुरुवातीला मी एका परदेशी बोटीवर असाच गप्प बसलो होतो. पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्यांवर आम्ही भारतीय वेळ लिहायचो, ते ग्रीनिचची. दुसऱ्याच दिवशी माझ्या ध्यानात आलं. पण मुख्य शास्त्रज्ञ वडिलांच्या वयाचे, त्यांना कसं सांगायचं? चार दिवसांच्या नोंदी शेवटी रात्री जागून जुळवल्या. काही नमुने टाकूनच द्यावे लागले. ते एवढंच म्हणाले, "तू बोलला नाहीस, म्हणून मी बरोबर धरलं." मी ज्याला मान समजत होतो, तो त्यांना होकार वाटला होता.

बाकी स्वभावांपेक्षा सरकारांमधला फरक जास्त जड असतो. २००९ चा लोहाफेक्स प्रयोग आठव; समुद्रात लोह सोडून शेवाळ वाढवायचं, म्हणजे ते हवेतला कार्बन शोषून तळाशी नेईल, अशी कल्पना. दोना पावलाची आपली समुद्रविज्ञान संस्था आणि तुझ्या गावातलीच आल्फ्रेड वेगेनर संस्था; नावातला 'लोहा'सुद्धा आपला. त्यांचं संशोधन जहाज पोलारश्टर्न केपटाऊनहून निघालं होतं, आणि तिकडे जर्मनीच्या पर्यावरण मंत्रालयाने समुद्रात लोह सोडायला हरकत घेतली. परवानगी जानेवारीअखेर मिळाली. मग दोन्हीकडच्यांनी मिळून सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोह सोडलं. शेवाळ वाढलं, पण कोपेपॉड नावाच्या कोळंबीसारख्या बारीक जीवांनी ते खाऊन टाकलं. कार्बन फारसा तळाशी गेलाच नाही. अपेक्षेविरुद्धचा हा निकाल दोन्ही संस्थांनी मिळून जाहीर केला. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

उद्या बैठकीआधी त्या जर्मन मुलाला गाठ. तुझी शंका कोणत्या आकड्यावर आहे, ते कागदावर लिहून दाखव. मग फोन कर. तिकडचे संध्याकाळचे सात म्हणजे इथले साडेदहा. मी जागा असेन.

तुझे,
बाबा