हेड्रियन्स वॉलवर भेटलेल्या त्या दोघींचे आभार

मे महिन्यात मी आणि ताई उत्तर इंग्लंडमध्ये हेड्रियन्स वॉल पाथ चालत होतो. रोमन सम्राट हेड्रियनने इ.स. १२२ मध्ये बांधायला घेतलेल्या भिंतीच्या सोबतीने जाणारी ही सुमारे १३५ किलोमीटरची वाट. हाउसस्टेड्स ते स्टील रिग हा तिचा सर्वांत देखणा आणि दमवणारा टप्पा, कड्यांवरून नुसता चढ-उतार. सिकॅमोर गॅपकडे उतरताना ओल्या दगडी पायऱ्यांवर ताईचा पाय मुरगळला. घोटा बघता बघता सुजला. फोनला रेंज नव्हती.

समोरून दोघी आल्या, साठीच्या असतील. एकीने सॅकमधून क्रेप बँडेज काढलं. बूट मात्र काढू दिला नाही. लेस सैल करून वरूनच पट्टी बांधली. दुसरीने थर्मासमधला गरम चहा ताईला पाजला आणि स्वतःच्या दोन्ही काठ्या तिच्या हातात दिल्या. पुढचा चढ टाळून भिंतीच्या दक्षिणेकडच्या जुन्या रोमन सैनिकी रस्त्याच्या सपाटीने, दर थोड्या अंतरावर थांबत, त्यांनी आम्हाला आपल्या गाडीपर्यंत आणलं. तिथून थेट हेक्सहॅमचं रुग्णालय.

तिथे ताईचा बूट उतरवला तेव्हा पाय गारठलेला. त्या दोघींतली एक चक्क गुडघ्यावर बसली आणि स्वतःचे कोरडे लोकरी मोजे तिने हलक्या हाताने ताईला घातले. सख्खं माणूसही इतक्या मायेने करेलच असं नाही.

हाड मोडलेलं नाही हे कळल्यावरच दोघी निघाल्या. गडबडीत नावं विचारायची राहिली. आमच्यासाठी त्यांनी आपला दिवसाचा बेत सोडला. ताई आता व्यवस्थित चालते. तुम्हा दोघींचे आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार.