तुझ्या टीव्हीवर निघणाऱ्या भुतांबद्दल

सांगली,
गुरुवार, दुपार

चि. मीनल हिस,
आईचे अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू हसत हसत विचारलंस, पण आतून वैतागली होतीस, कळलं मला. पाहुणे बसलेले, जावईबापूंनी यूट्यूब लावलं आणि पडद्यावर ओळीनं पांढऱ्या साडीतल्या बायका, सुळे, कवट्या, पडक्या हवेल्या. "आई, बाबा हल्ली काय बघतात गं?" म्हणालीस. बाबा शेजारीच पेपर घेऊन बसलेले, म्हणून मी "विचारते" म्हणून विषय बदलला. आता पत्रात कबूल करते. बाबा नव्हेत, मी बघते. ओटा आवरला की दोन ते पाच. टीव्हीला तूच तुझं खातं जोडून दिलंस. माझी भुतं तुझ्या घरी निघतात हे मला काय ठाऊक!

तुझे आजोबा तासगावात हायस्कूलचे मास्तर. सिनेमा वर्षातून एक, आणि तोही त्यांनी चार जणांना विचारून पास केलेला. १९७१ ला 'सोंगाड्या' आला तेव्हा घरात त्याचं नाव काढायची सोय नव्हती. दादा आणि अण्णा चोरून सायकलवरून सांगलीला जाऊन बघून आले. रात्री माळवदावर पडून एकमेकांना सांगत खिदळायचे आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन वर गेले की दोघं गप्प. त्या गप्प बसण्याचा मला इतका राग यायचा की काय सांगू. नक्की काय होतं त्या सिनेमात, जे मुलींच्या कानावर पडलं तर आभाळ कोसळलं असतं?

तर मीनल, मी आता बघितला. दार लावून बघितला, वय सदुसष्ट तरीही. आणि निघालं काय, तर आयेला घाबरणारा एक भोळसट नाम्या, तमाशाच्या नादापायी त्याला घराबाहेर काढणारी त्याची आये, आणि चाळा म्हणावा इतपत चावटपणा. पुढच्या सिनेमांत दादा कोंडके बरेच सैल सुटले, ते दोन बघून मी बंद केले, एकच विनोद किती वेळ ताणायचा. पण 'सोंगाड्या'त जीव आहे. त्या आयेचं काम रत्नमाला करतात. त्या ओरडायला लागल्या की मला आपल्या जुन्या वाड्यातल्या सगळ्या म्हाताऱ्या आठवतात. उषा चव्हाण तर काय दिसते! आमच्या दादाला फोन करून म्हटलं, बघितला रे तुमचा तो. तो ऐंशीच्या घरातला माणूस, लाजला.

मग धीर चेपला. भुताचे हिंदी सिनेमे काढणाऱ्या रामसे बंधूंकडे वळले.

यांची गंमत तुला माहीत नसणार. त्यांच्या वडिलांनी १९७० ला पृथ्वीराज कपूरना घेऊन 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' काढला, तो पडला. पण पोरांनी थिएटरात बसून पाहिलं की पृथ्वीराज भेसूर मुखवटा घालून चोरीला येतो तेवढ्या भागात लोक सावरून बसतात. मग म्हणाले, तेवढंच करू. सात भाऊ. कुणी दिग्दर्शन, कुणी कॅमेरा, कुणी आवाज, कुणी लिखाण. (सात भाऊ एका घरात, म्हटल्यावर माझ्या मनात पहिलं आलं ते स्वयंपाक कोण करत असेल.) १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे' त्यांनी चित्रित केला कुठं, तर महाबळेश्वरला! आपल्या शेजारच्या जिल्ह्यात. लग्नानंतर १९८१ ला आम्ही दोघं गेलो होतो, तेव्हा संध्याकाळी धुकं उतरलं की हात पुढं केला तर बोटं दिसत नव्हती, आणि बाबा मला स्ट्रॉबेरीचे भाव सांगत होते. तिथं भुताचा सिनेमा काढायला वेगळा खर्च तो काय करायचा? धुकं फुकट, जुने बंगले आयते.

'पुराना मंदिर' मात्र मी दोनदा बघितला. १९८४ चा. सामरी नावाचा राक्षस, त्याचं मुंडकं एका पेटीत आणि धड दुसरीकडे पुरलेलं. ते काम अनिरुद्ध अगरवाल नावाच्या एका उंचच उंच माणसानं केलंय, आणि तो शिकलेला इंजिनिअर होता म्हणे, ऐकून बाबा हसले. भीती वाटली का विचारशील, तर राक्षस दिसल्यावर नाही वाटत. तो दिसायच्या आधी कडी वाजते, पाणी ठिबकतं, कंदील हलतो, तेव्हा वाटते. मध्येच जगदीपचा 'शोले'च्या नकलेचा धिंगाणा घुसडलाय, तेव्हा मी उठून कणीक भिजवून आले, काही चुकलं नाही. अंघोळीचे सीन विनाकारण. ते कुणासाठी घातलेत ते कळतं.

पण ऐक. त्यात घराण्याला शाप असतो की लेक बाळंत होताना मरेल. म्हणून बाप लेकीला कुणाबरोबर बोलू देत नाही, फिरू देत नाही, आणि कारणही सांगत नाही. सगळा सिनेमा त्यापायी घडतो. मी पडद्यासमोर बसून मोठ्यानं म्हणाले, "अहो, सांगा की तिला!" बाबा आतून धावत आले, त्यांना वाटलं मीच कुणाला तरी बोलावतेय. राक्षस खोटा आहे गं. तो बाप मात्र मी ओळखला.

तुझी भीतीही आठवली. १९९० ला 'धडाकेबाज' लागला तेव्हा तू सहा वर्षांची. कवटीचा मुखवटा घातलेला तो कवट्या महाकाळ! पुढं महिन्याभरात आत्याकडे कवठेमहांकाळला निघालो, तर मिरज सोडल्यावर कंडक्टरनं गावाचं नाव घेतलं आणि तू जे रडायला लागलीस ते स्टँडवर उतरायलाच तयार नाहीस. "तो तिथंच राहतो." आत्या अजून सांगते. परवा परत बघितला, बाटलीतला गंगाराम बघून पूर्वीइतकंच हसू आलं. लक्ष्या गेला तो फार लवकर गेला. 'झपाटलेला' पण बघितला. तात्या विंचूची बाहुली रामदास पाध्यांची, आवाज दिलीप प्रभावळकरांचा, हे आता समजून बघितलं तरी तो बाहुला डोळे फिरवतो तेव्हा नको वाटतं. मूळ कल्पना इंग्रजी सिनेमातली, पण अंगात आलं की मांत्रिक शोधायचा हे आपल्याकडचंच. तुझी निळ्या फ्रॉकची बाहुली तू तेव्हा व्हरांड्यात ठेवलीस, ती पावसात भिजून गेली. मी रागावले होते. उगीच रागावले.

बाबांचा हट्ट म्हणून रात्री 'सामना' लावला. साखर कारखान्याच्या भागात राहून 'सामना' बघणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. दर पाच मिनिटांनी बाबा थांबवतात आणि त्यातला साखरसम्राट हिंदुराव म्हणजे नक्की अमुक की तमुक यावर बोलतात. मी म्हटलं, अहो, तेंडुलकरांनी लिहिलंय, तुमच्या सोसायटीच्या निवडणुकीवर नाही लिहिलं. निळू फुले आणि लागू समोरासमोर प्यायला बसतात तेव्हा मात्र बाबाही गप्प. आमच्या लहानपणी बायका निळू फुल्यांना खरोखर शिव्या द्यायच्या, आणि तोच माणूस 'सिंहासन'मध्ये पत्रकार होऊन शेवटी रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो. काय नट होता!

आता जे सांगायला खरं पत्र घेतलं ते. 'पिंजरा'.

१९७२, मी चौदा वर्षांची. तमाशाचा सिनेमा असून आजोबांनी स्वतः तिकिटं काढली, कारण शांतारामबापूंचा, आणि मुख्य म्हणजे मास्तरांचा. सगळं घर गेलं. आजोबा रडले. घरी येऊन आम्हाला सांगितलं, बघा, एका बाईपायी किती मोठा माणूस मातीत गेला. ते वाक्य मी पुढं कितीतरी वर्षं बाळगलं.

परवा बघितला तेव्हा गाणी तशीच भारी वाटली, राम कदमांची ढोलकी ऐकून हात आपोआप मांडीवर गेला. पण ते मास्तर! मेले समजून गावानं त्यांचा पुतळा उभारलाय, आणि स्वतःच्याच खुनाचा आळ स्वतःवर येतो तरी गप्प बसतात, का, तर पुतळ्याला धक्का लागू नये. फाशी कबूल, पण "मीच तो" म्हणायची तयारी नाही. आणि आपण त्याला त्याग म्हणून रडायचं. तमाशात नाचणारी चंद्रकला त्यांच्यासाठी सगळं सोडून आलेली असते, तिचं काय, ते आमच्या घरात कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही.

मग तुझ्या यूट्यूबनंच खाली तो जर्मन सिनेमा दाखवला, ज्यावरून हा बेतला म्हणतात. 'ब्ल्यू एंजल', १९३०. काळा-पांढरा, अक्षरं वाचत वाचत बघितला, चष्मा दोनदा पुसला. तिथंही मास्तरच, तिथंही नाचणारी. लग्नाच्या जेवणात ते मास्तर खुशीत येऊन कोंबड्यासारखे आरवतात. पुढं पैशासाठी विदूषक होतात, आणि आपल्याच गावात, आपल्याच ओळखीच्या लोकांपुढं, त्यांना स्टेजवर आरवायला लावतात. तो आवाज मीनल, माणसाचा राहिलेला नसतो. 'पुराना मंदिर'च्या सामरीला मी भ्याले नाही, त्या आरवण्याला भ्याले. शेवटी ते शाळेत जातात आणि आपल्या जुन्या टेबलाला घट्ट धरून मरतात. बस. पुतळा नाही, हार नाही. पुतळा आपल्याकडच्यांनी घातला.

बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, शांतारामबापूंवर बोलायचं नाही. दोन दिवस आमचं धड बोलणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी स्वतःच आले आणि म्हणाले, "तो कोंबडा दाखव बघू." बघितला. काही बोलले नाहीत, पण रात्री उशिरापर्यंत झोपलेही नाहीत.

असो. ट्रॅव्हल्सच्या गाडीनं भडंग आणि शेंगदाण्याची चटणी पाठवते आहे, शनिवारी सकाळी घेऊन ये, ड्रायव्हरला लवकर फोन कर नाहीतर तो पुढं निघून जातो. चिनूच्या डब्यातही घाल, तिखट कमी केलंय. जावईबापूंना सांग, पाहुण्यांपुढं झालं त्याबद्दल सासूबाईंनी माफी मागितली आहे.

तू म्हणालीस, आईसाठी वेगळं खातं काढून देते. काढ. पण दिवाळीपर्यंत आहे ते राहू दे. 'बंद दरवाजा' अर्धा बघून झालाय, आणि तो परत कुठं शोधायचा हे मला येत नाही.

तुझी,
आई