मंत्रीसाहेब, वसई किल्ल्यातल्या मठावर काय खर्च केला ते सांगा

मा. सांस्कृतिक मंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली
यांस सप्रेम नमस्कार.

साहेब, परवा पोस्टाने पाकीट आलं. वसई किल्ल्यातला फ्रान्सिस्कन मठ, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातल्या ख्रिस्ती साधूंचा मठ, आणि त्याला लागून असलेलं संत अंतोनीचं चर्च, याच्या डागडुजीचं एस्टिमेट, वर्क ऑर्डर, मोजमाप वही आणि फायनल बिल, एवढ्या चार कागदांच्या प्रती मी माहितीच्या अधिकारात मागितल्या होत्या. तुमच्या हाताखालच्या एका कार्यालयाचं उत्तर एका ओळीचं आहे: "मागितलेली माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही." खाली गोल शिक्का, न वाचता येणारी सही, आणि तारीख पेनाने खोडून पुन्हा लिहिलेली. याच कार्यालयातल्या साहेबांनी मला तोंडी शब्द दिला होता की फाइल काढून ठेवतो, पावसाळा संपला की या. पावसाळा संपला, साहेब बदलले, आणि आता म्हणे संकलित नाही.

संकलित करून द्या असं मी म्हटलंच नव्हतं. जसे आहेत तसे कागद द्या, पानाला दोन रुपये मी भरतो.

ही वास्तू काय आहे ते आधी सांगतो, कारण दिल्लीत बसून ती एका यादीतला एक नंबर वाटत असेल. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पाठोपाठ फ्रान्सिस्कन फादर इथे आले, त्यातले आंतोनियो दो पोर्तो हे नाव आमच्याकडे अजून घेतलं जातं, बोरिवलीच्या मंडपेश्वरला गुंफेत चर्च आणि वर कॉलेज उभं केलं ते त्यांनीच. वसईतला मठ बघायचा तर आत जाऊन बघा. भल्यामोठ्या कमानी, बाजूची चॅपेलं म्हणजे प्रार्थनेच्या छोट्या खोल्या, वर आभाळ, आणि पायाखाली थडग्यांचे दगड. पोर्तुगीजमध्ये कोरलेली नावं, कुठे ढाल, कुठे मुकुट. मुंबईतले गोवेकर डॉक्टर जेर्सन दा कुन्हा यांनी १८७६ मध्ये हे लेख उतरवून छापले म्हणून बरं, आज त्यातल्या कित्येक दगडांवर बोट फिरवलं तरी अक्षर लागत नाही. प्री-वेडिंगवाले त्याच दगडांवर ट्रायपॉड टेकवतात.

आता हिशोबाचं ऐका, माझा राग तिथेच आहे. फ्रान्सिस्कन फादरांना पैशाला हात लावायची मुभा नव्हती, त्यांच्या नियमातच ते होतं, म्हणून व्यवहार बघायला बाहेरचा गृहस्थ नेमायची त्यांची पद्धत होती. म्हणजे पैसा एकाच्या हातात आणि वापर दुसऱ्याचा, मग कागद ठेवावाच लागतो. सरकारदरबारीही तेच. १५५४ मध्ये सिमाव बोतेल्यो या अधिकाऱ्याने पोर्तुगीज हिंदुस्थानच्या जमाखर्चाची जी मोठी नोंदवही केली त्यात वसईचा महसूल गाववार आहे. गोव्याचं पुराभिलेखागार १५९५ पासूनचं. १८३४ मध्ये लिस्बनने सगळे मठ बंद करून मालमत्ता जप्त केली, पण त्यांचे कागद फेकले नाहीत, गोव्यातल्या मठांची दप्तरं आज पणजीत बसून वाचता येतात. पोर्तुगीज राज्य काही आदर्श नव्हतं, त्यांनी इथे काय केलं ते आम्हाला कुणी शिकवायला नको. पण पावणेपाचशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाचा हिशोब मला मिळतो आणि माझ्या डोळ्यांदेखत झालेल्या कामाचा मिळत नाही, याचं उत्तर कोण देणार?

काही ठिकाणी भिंतीला नव्या चुन्याच्या दरजा भरल्यात, त्या जुन्या दगडात उठून दिसतात. ते काम बरोबर असेलही, मी इंजिनियर नाही. चुन्यात काय मिसळलं, सिमेंट होतं का, जुना दगड किती काढला आणि नवा कुठून आणला, हे सगळं त्या मोजमाप वहीत असतं. पुढच्या पिढीत कुणी हीच भिंत दुरुस्त करायला घेईल तेव्हा त्याला कळायला नको का यातलं जुनं काय आणि आपण घातलेलं काय? नोंद नसलेली दुरुस्ती म्हणजे पुरावा पुसणं आहे साहेब.

आमच्या गावच्या सणाचा हिशोब, मंडपवाल्यापासून बँडवाल्यापर्यंत, आठवड्याभरात चर्चबाहेर बोर्डावर लागतो, कारण न लावणाऱ्या कमिटीला पुढच्या वर्षी कुणी वर्गणी देत नाही. तुम्हाला मात्र आमचा टॅक्स विचारल्याशिवाय मिळतो.

आणि नियम म्हणाल तर नियम फक्त आम्हाला. मी पाचूबंदरचा. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरात बांधकामाला बंदी, त्यापुढे २०० मीटर परवानगीशिवाय काही नाही, हा २०१० चा बदललेला कायदा आम्हा किल्ल्याच्या आजूबाजूच्यांना तोंडपाठ आहे. गळकं छप्पर बदलायचं तर नकाशा आणा, फोटो आणा, मालकीचे कागद आणा, जे कोळ्याच्या पिढीजात घराला कधी नव्हतेच. माझ्या आईने शेवटचे पावसाळे घरात बादल्या लावून काढले. आमच्याकडून एकेका पत्र्याचा कागद मागणाऱ्या सरकारकडे स्वतःच्या कामाचा कागद नसावा?

त्या कार्यालयात मला विचारलं, "तुम्ही चर्चतर्फे आलात का?" का? ख्रिस्ती माणसाने मठाबद्दल विचारलं की तो चर्चतर्फेच येतो? १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी हा किल्ला घेतला तोही आमचा इतिहास आहे, इथल्या चर्चच्या घंटा आज मेणवलीला, भीमाशंकरला, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहेत आणि आम्ही कौतुकाने बघायला जातो. किल्ला सगळ्यांचा आहे, मठ किल्ल्यातला आहे, मी नागरिक म्हणून आलो होतो.

हे फक्त वसईचं नाही हेही माहितीय. देशात साडेतीन हजारांच्या वर संरक्षित स्मारकं, आणि २०१३ च्या अहवालात कॅगने, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या संस्थेने, १६५५ ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन पाहिलं तर ९२ स्मारकं जाग्यावर सापडलीच नाहीत. अख्खी वास्तू हरवली तरी कुणाची नोकरी जात नाही तिथे एक वही हरवली तर काय होणार! रस्ता घ्या, गटार घ्या, शाळेची खोली घ्या, काम होतं, बिल निघतं, ठेकेदार जातो, आणि विचारणाराच गुन्हेगार असल्यासारखा काउंटरवर उभा राहतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे असली माहिती कुणी न मागता जाहीर करायची आहे. वीस वर्षं झाली त्याला.

तर साहेब, किल्ल्यातल्या या आणि बाकीच्या चर्च-मठांवर आजवर झालेल्या प्रत्येक दुरुस्तीचे कागद स्कॅन करून वेबसाइटवर टाका. काम चालू असेल तिथे ठेकेदाराचं नाव, रक्कम आणि मुदत लिहिलेला मराठी बोर्ड लावा. थडग्यांचे उरलेले लेख या उन्हाळ्यात नीट फोटो काढून नोंदवून घ्या आणि त्या फरशीला दोरी लावा. आणि वही खरंच हरवली असेल तर तसं लेखी कळवा, कोणाच्या ताब्यातून हरवली त्या हुद्द्यासकट. पहिलं अपील आज स्पीड पोस्टाने टाकलंय.

आपला,
पाचूबंदर, वसई इथला एक रहिवासी